गेमपॅड

गेमपॅड : संगणकावरील किंवा दूरचित्रवाणी संचास जोडलेल्या खेळयंत्रावरील खेळ खेळण्यासाठी दोन्ही हातांत धरून वापरावयाचे निविष्टी साधन. बाजारात यास ‘कंट्रोलर’ असेही म्हणतात आणि घरगुती बोलण्यात काही जण त्याला नुसते ‘रिमोट’ म्हणतात. कळफलक व माऊस ही साधने मुळात लेखन आणि कार्यालयीन कामासाठी बनविलेली असून खेळांनी ती पुढे उसनी घेतली. गेमपॅड मात्र पहिल्यापासून खेळासाठीच आखलेला आहे. दोहोंतील मुख्य भेद असा, की कळफलकावरील कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. गेमपॅडवरील दांडी व चाप हे भाग आपण किती कललो किंवा किती दाबले गेलो, हेही संगणकास कळवितात. या ‘किती’च्या मापनातच गेमपॅडचे गुण आणि दोष सामावलेले असल्याने त्याची निवड करताना व तो स्वतःच्या हातास जुळवून घेताना प्रथम त्याकडे पाहावे लागते. किंमत, रंग व रोषणाई यांचा विचार नंतरचा होय.

रचना : प्रचलित गेमपॅडच्या डाव्या बाजूस फुलीच्या आकाराचे दिशाबटण आणि उजव्या बाजूस चौकटीच्या इस्पिकाप्रमाणे नव्हे, तर चौकट चिन्हाप्रमाणे मांडलेली चार बटणे असतात. दोन्ही अंगठ्यांखाली एकेक आखूड दांडी असते. खेळाडू तिला ‘स्टिक’ किंवा ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतात. ती कोणत्याही दिशेस कलते आणि वरून दाबली असता बटणाचेही काम करते. पुढील कडेस तर्जनीखाली दोन साधी बटणे आणि त्यांच्या खाली बंदुकीच्या चापासारखे दोन भाग असतात. आतील मुद्रित मंडलावरील सूक्ष्मनियंत्रक या सर्वांची स्थिती पुनःपुन्हा वाचून संगणकास धाडतो. मुठींमध्ये बसविलेल्या छोट्या विद्युत् चलित्रांच्या दांड्यांवर एका बाजूस झुकलेली वजने असतात. ती फिरली की हातास कंप जाणवतो. बहुधा एका मुठीतील वजन जड आणि दुसऱ्या मुठीतील हलके असते, त्यामुळे घुमणारा व झिणझिणणारा असे दोन प्रकारचे कंप मिळतात.

इतिहास : फुलीच्या आकाराचे दिशाबटण गुनपेई योकोई या जपानी अभिकल्पकाने निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरावयाच्या खेळयंत्रासाठी तयार केले. ते १९८२ मध्ये बाजारात आले आणि १९८३ मध्ये त्याच कंपनीच्या फॅमिकॉम या खेळयंत्राबरोबर घरोघरी पोहोचले. तोपर्यंत प्रचलित असलेली उभी दांडी मुठीत धरावी लागे. नव्या बटणामुळे काम अंगठ्यावर आले व साधन चपटे झाले. १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये चौकट चिन्हाप्रमाणे मांडलेली चार बटणे व कडेची दोन बटणे आली. अंगठ्याने कलवावयाची दांडी निन्टेन्डो ६४ (१९९६) मुळे रूढ झाली, तर दोन दांड्या व कंप यांचा मेळ सोनी कंपनीच्या ड्युअलशॉक (१९९७) या नियंत्रकाने घातला. आजच्या गेमपॅडचा साचा त्या वेळीच जवळजवळ पूर्ण झाला होता.

वैयक्तिक संगणकाची वाटचाल यापेक्षा वेगळी आहे. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकासाठी मिळणाऱ्या खेळजोडणीस १५ टाचण्या असत आणि तीतून दोन दांड्या व चार बटणे यांपुरतीच माहिती जाई. दांडीची स्थिती थेट मोजण्याची सोयही तीत नव्हती. दांडीतील रोधामधून एक धारित्र भारित होण्यास किती वेळ लागतो हे संगणक मोजी व त्यावरून स्थिती ठरवी. ग्रॅव्हिस या कॅनडातील कंपनीचा १९९१ चा गेमपॅड याच जोडणीवर चाले. १९९६ नंतर यूएसबी जोडणी आल्यावर ही मर्यादा संपली. तथापि प्रत्येक उत्पादकाची बटणांची मांडणी व क्रमांक निराळे असल्याने खेळ सुरू करण्यापूर्वी कोणते बटण कशासाठी हे दर वेळी ठरवीत बसावे लागे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राचा (२००५) नियंत्रक विंडोज संगणकावरही चालू लागला आणि त्यासाठी एक्सइनपुट ही ठरावीक संकेतपद्धती आली, तेव्हा हा गोंधळ बराच आवरला.

भारतीय शहरांत १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर विकल्या जात. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ महाराष्ट्रीय खेळाडूंच्या हातात आलेला पहिला गेमपॅड हा त्या प्रतिकृतीचाच होता. मात्र घरात संगणक आल्यावर गेमपॅड मागे पडला. संगणक अभ्यासासाठी म्हणून घेतला जाई आणि कळफलक त्याच्याबरोबर आपोआप मिळे. निव्वळ खेळासाठी वेगळा खर्च करणे अनेक कुटुंबांना पटण्यासारखे नव्हते.

क्रिकेटचे खेळ व गेमपॅड : मराठी खेळाडूंच्या दृष्टीने गेमपॅडचा उपयोग क्रिकेटच्या संगणकीय खेळांत सर्वांत स्पष्टपणे दिसतो. ईए स्पोर्ट्‌सचा ‘क्रिकेट ०७’ हा खेळ २००६ च्या अखेरीस आला व भारतात पुढे अनेक वर्षे खेळला गेला. बहुसंख्यांनी तो कळफलकावरच खेळला. वास्तविक त्यात ‘सेंच्युरी स्टिक’ या नावाची फलंदाजीची पद्धत दोन दांड्या गृहीत धरून योजलेली होती : डाव्या दांडीने पायांची हालचाल आणि उजव्या दांडीने फटक्याची दिशा. कळफलकावर हे आठ दिशांपुरते उरते. पॉइंट आणि कव्हर यांच्या मधून चेंडू काढणे म्हणजे नेमके काय, हे त्या कळांना सांगता येत नाही.

बिग अँट या ऑस्ट्रेलियन संस्थेच्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ (२०१४) या खेळाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने निकालात काढला. त्याच्या संगणकावरील आवृत्तीसाठी गेमपॅड आवश्यक ठरविण्यात आला होता. फलंदाजी करताना पाय डाव्या आणि बॅट उजव्या अंगठ्याकडे असते. चाप व कडेची बटणे यांनी फटक्याचा प्रकार बदलतो. गोलंदाजी करताना दांडी मागे ओढून चेंडू सोडण्याच्या क्षणी पुढे ढकलावी लागते व त्या क्षणाच्या अचूकतेवर चेंडूचा टप्पा अवलंबून राहतो. अर्थात ही शरीराच्या हालचालीची केवळ खूण आहे. पुण्यात स्वारगेटजवळील नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषक स्पर्धेत केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. त्या दिवशीच्या गोलंदाजांचे खांदे, मनगट व पावले यांनी केलेले काम येथे दोन अंगठ्यांच्या काही मिलिमीटर हालचालीत बसवावे लागते. म्हणूनच दांडीच्या मापनातील थोडीशी चूकही मोठी होऊन दिसते : सरळ बॅटने खेळलेला फटका मिडविकेटकडे जातो आणि खेळाडू आपल्या कौशल्यास दोष देत राहतो [→ क्रिकेट].

पुण्यात निर्माण झालेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. नॉडिंग हेड्‌स गेम्स या पुण्यातील छोट्या संस्थेने तो तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभा करण्याचा तिचा प्रयत्न यशस्वी झाला नाही, तरीही काम पुढे चालू ठेवण्यात आले. खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणकासह इतर यंत्रांवर आला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी मुलगी ही त्याची नायिका असून त्रिशूळ व धनुष्य ही तिची शस्त्रे आहेत. यातील दृश्याचा कोन बहुतांशी ठरावीक असतो. तो सतत फिरविण्याचे ओझे उजव्या अंगठ्यावर पडत नाही आणि तो अंगठा बटणांवर मोकळा राहतो. अशा खेळास उत्तम दांडीपेक्षा उत्तम बटणे अधिक महत्त्वाची ठरतात. गेमपॅड निवडताना आपण मुख्यतः काय खेळणार, हा प्रश्न आधी विचारण्याचे कारण हेच.

द्वंद्वखेळांत दिशाबटणाची ठेवण निर्णायक असते, कारण पाव वर्तुळ व अर्धवर्तुळ अशा झटपट हालचाली कराव्या लागतात. मोटारींच्या शर्यतीत चापाचा प्रवास लांब व मऊ असावा, म्हणजे वेग व गतिरोध कमी-अधिक करता येतो. दुरून नेम धरण्याच्या खेळांत मात्र माऊस हा गेमपॅडपेक्षा सरस आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माऊस हाताच्या हालचालीएवढाच नेम हलवितो, तर दांडी नेम कोणत्या वेगाने सरकावा एवढेच सांगते. अशा अनेक खेळांत गेमपॅडधारकास आज्ञावलीकडून नेम धरण्यास साहाय्य दिले जाते, ते याच उणिवेपोटी. केवळ असेच खेळ खेळणाऱ्याने गेमपॅड न घेतला तरी चालेल.

संगणकाशी जोडणी : विंडोज संगणकावरील नव्या खेळांपैकी बहुतेक खेळ एक्सइनपुट पद्धती गृहीत धरतात. ती एका वेळी चार गेमपॅड ओळखते व दोन्ही चापांची स्थिती स्वतंत्रपणे ० ते २५५ या अंकांत घेते. तिच्याआधीच्या डायरेक्टइनपुट पद्धतीचा गेमपॅड नव्या खेळात मुकाट राहतो किंवा त्याची बटणे भलतीच कामे करतात. काही स्वस्त गेमपॅडवर दोन्ही पद्धतींत बदल करण्याची कळ असते. जुने खेळ खेळणाऱ्यास ती उपयोगी पडते. सोनीचे नियंत्रक संगणकावर चालतात. पण पुष्कळ खेळांसाठी मध्ये भाषांतर करणारी आज्ञावली लागते आणि पडद्यावर ‘ए’ व ‘बी’ अशी अक्षरे दिसत असताना हातातील बटणांवर फुली व वर्तुळ असते. निन्टेन्डोच्या नियंत्रकांवर ‘ए’ व ‘बी’ यांच्या जागा एक्सबॉक्सच्या उलट आहेत. या गोष्टी क्षुल्लक वाटल्या, तरी घाईच्या क्षणी त्यांचा उपद्रव होतो.

तारेने जोडलेला गेमपॅड विलंब, विद्युत् घट व बिनतारी अडथळे या तिन्ही चिंतांतून सोडवितो. मेजाशी बसून खेळणाऱ्याने तोच घ्यावा, हे उत्तम. बिनतारी प्रकारांत स्वतंत्र ग्राहकखुंटी असलेले गेमपॅड सामान्यतः ब्लूटूथपेक्षा चपळ असतात. विलंबाविषयी जाहिरातींत मोठमोठे आकडे दिलेले असतात. सेकंदास १२५ वेळा माहिती देणाऱ्या गेमपॅडमध्ये दोन वाचनांत ८ मिलिसेकंदांचे अंतर असते. १,००० वेळा देणाऱ्यात ते १ मिलिसेकंद होते. पण सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर एकेक चित्रच सुमारे १६·७ मिलिसेकंद टिकते, तर काही दूरचित्रवाणी संच चित्र सुधारण्यात त्याहून अधिक वेळ घेतात. त्यामुळे महागडा गेमपॅड घेण्याआधी संचावरील खेळासाठीची मांडणी चालू करून पाहणे शहाणपणाचे असते.

दांडीचे मापन व झीज : बहुसंख्य गेमपॅडमध्ये दांडीखाली पोटेन्शिओमीटर या प्रकारचे दोन चल रोधक बसविलेले असतात, एक आडव्या व दुसरा उभ्या दिशेसाठी. दांडी कलली की धातूचा स्पर्शक कार्बनच्या पट्ट्यावरून घासत सरकतो आणि त्यावरील विद्युत् दाब बदलतो. घासणे हेच येथील मापनाचे तत्त्व असल्याने झीज अटळ आहे. पट्टा मध्याजवळ सर्वाधिक झिजतो, त्यावर धूळ व कार्बनचा भुगा साचतो आणि काही काळाने दांडीस कोणी हात न लावताही पडद्यावरील पात्र एका बाजूस चालू लागते. या दोषास खेळाडू ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. तो किंमती गेमपॅडमध्येही आढळतो, कारण महाग व स्वस्त अशा दोहोंत दांडीचा घटक एकाच तत्त्वावर चालणारा असू शकतो.

यावर उपाय चुंबकीय मापनाचा आहे. विद्युत् प्रवाह वाहणाऱ्या संवाहकावर आडवे चुंबकीय क्षेत्र लावल्यास त्याच्या दोन कडांमध्ये विद्युत् दाब निर्माण होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन भौतिकीविज्ञाने १८७९ मध्ये दाखविले [→ हॉल परिणाम]. दांडीच्या टोकास छोटे चुंबक व त्याच्यासमोर असा संवेदक बसविला, की दोहोंचा परस्परांस स्पर्श न होता स्थिती मोजता येते. सेगा कंपनीने ड्रीमकास्ट (१९९८) या यंत्राच्या नियंत्रकात ही पद्धती वापरली होती. ती पुढे मागे पडली आणि दोन दशकांनंतर ड्रिफ्टच्या तक्रारी वाढल्यावर अनेक छोट्या उत्पादकांनी पुन्हा उचलली. चुंबकीय रोधातील बदल मोजणारे टीएमआर संवेदक हे याच वाटेवरील पुढचे पाऊल असून त्यांस वीज कमी लागते. चुंबकीय दांडी अमर असते, असे मात्र नाही. तिला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग ढिली पडू शकते, आणि मध्याची नोंद चुकल्यास तीही सरकल्यासारखी वागते. तथापि घासून बिघडण्याचे मुख्य कारण नाहीसे होत असल्याने, इतर गोष्टी समान असता चुंबकीय दांडीचा गेमपॅड निवडावा.

निष्क्रिय क्षेत्र : कोणतीही दांडी सोडल्यावर दर वेळी अचूक मध्यावर येत नाही. म्हणून मध्याभोवतीच्या लहान भागातील हालचाल आज्ञावली जमेस धरीत नाही. या भागास निष्क्रिय क्षेत्र म्हणता येईल. खेळांच्या मांडणीपटावर ते ‘डेड झोन’ या नावाने आढळते. एक्सइनपुट पद्धतीत दांडीची स्थिती −३२,७६८ ते ३२,७६७ या अंकांत मिळते आणि मायक्रोसॉफ्टने सुचविलेले निष्क्रिय क्षेत्र डाव्या दांडीसाठी ७,८४९, तर उजवीसाठी ८,६८९ इतके आहे. म्हणजे दांडीच्या प्रवासाचा जवळजवळ चौथा हिस्सा वापराविना जातो. झिजक्या दांडीसाठी ही उदारता योग्य असली, तरी चांगल्या दांडीच्या मालकावर ती अन्याय करते; त्याने विकत घेतलेली बारकाई त्याला मिळतच नाही. खेळात सोय असल्यास हे क्षेत्र शून्याजवळ आणून हळूहळू वाढवावे व हात न लावता पात्र जेथे स्थिर राहू लागेल त्याच्या किंचित पुढे थांबावे.

येथे आणखी दोन बारकावे आहेत. निष्क्रिय क्षेत्र ओलांडताच उरलेल्या प्रवासाची मोजणी पुन्हा शून्यापासून व्हावी लागते. तसे न केल्यास क्षेत्र एकचतुर्थांश असताना पात्र सुरुवातीलाच एकचतुर्थांश वेगाने उडी मारते व हळू चालणे अशक्य होते. दुसरे असे, की हे क्षेत्र वर्तुळाकार असावे. काही खेळांत आडव्या व उभ्या दिशांसाठी ते स्वतंत्रपणे धरलेले असते, तेव्हा त्याचा आकार फुलीसारखा होतो आणि थोडी तिरकी हालचालही सरळ रेषेस चिकटते. क्रिकेटमध्ये सरळ फटका हवा असणाऱ्यास हे सुखाचे वाटेल, पण लेट कट त्याला सापडणार नाही.

दांडीचा कल आणि पडद्यावरील वेग यांतील नाते सरळ रेषेचे असले पाहिजे, असेही नाही. सुरुवातीस मंद व शेवटी जलद वाढणारी वक्र रेषा निवडल्यास मध्याजवळ नेम बारकाईने धरता येतो. शर्यतीत मोटारीचे चाक वळविताना मात्र सरळ रेषा हातास लवकर समजते. यात सर्वांसाठी एकच उत्तर नाही. एका वेळी एकच मूल्य बदलावे, ते चार-पाच दिवस तसेच ठेवावे व मगच दुसऱ्यास हात लावावा. एकाच संध्याकाळी सर्व बदलणाऱ्यास सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

बटणांची फेरमांडणी आणि हात : बटणांची कामे बदलण्याची सोय अनेक खेळांत असते. नसल्यास ती बाहेरील आज्ञावलीतून करता येते. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम कंट्रोलरबरोबर (२०१५) आलेली व पुढे इतर गेमपॅडनाही लागू करण्यात आलेली व्यवस्था यांत सर्वांत विस्तृत आहे. तीत प्रत्येक खेळासाठी वेगळी मांडणी साठविता येते, तसेच ड्युअलशॉक ४, ड्युअलसेन्स व स्विच प्रो या नियंत्रकांतील घूर्णीदर्शी संवेदकाने गेमपॅड किंचित झुकवून नेम धरता येतो. एक्सइनपुट पद्धतीत या संवेदकाच्या माहितीस जागाच नाही. पाठीमागील जादा बटणांसही तीत स्वतंत्र संकेत नाही, म्हणून ती समोरच्या एखाद्या बटणाची नक्कल करतात. ही नक्कलही उपयोगी असते. उडी मारण्यासाठी उजवा अंगठा दांडीवरून उचलावा लागत नाही.

गेमपॅडचे आकारमान बहुधा प्रौढ हातास धरून ठरविलेले असते. ड्युअलसेन्ससारख्या नियंत्रकाचे वजन सुमारे २८० ग्रॅम आहे. दहा वर्षांच्या मुलाची तर्जनी चापावर पोहोचावी म्हणून तो मूठ सोडून पकड पुढे सरकवितो आणि मग अंगठा दांडीवर आडवा पडतो. लहान हातांसाठी लहान गेमपॅड घेणे किंवा चापाचे काम कडेच्या बटणास देणे हा सोपा उपाय आहे. मोठ्या हातांस उंच टोपीची दांडी सोयीची वाटते, कारण उंची वाढली की तोच कल साधण्यास अंगठ्याला लांब अंतर कापावे लागते व बारीक हालचाल जमते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखू लागल्यास ते तेथील स्नायुबंधांच्या आवरणास आलेल्या सुजेचे लक्षण असू शकते. तेव्हा मांडणी बदलण्यापूर्वी हातास विश्रांती देणे आवश्यक असते.

पारख व दुरुस्ती : पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिकीय वस्तू व सुटे भाग यांसाठी प्रसिद्ध आहे. नाव तपकिरीचे असले, तरी व्यवहार विजेच्या वस्तूंचा चालतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंनी एस.टी.ने स्वारगेट स्थानकावर उतरणारा ग्राहक तेथे सहज पोहोचतो. सप्टेंबर २०२४ अखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी मेट्रोमार्ग खुला झाल्यावर मंडईपर्यंतचे अंतर आणखी जवळ आले. परंतु सदोष निघालेला गेमपॅड बदलून घेण्यासाठी पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागतो. म्हणून शक्य असल्यास मांडीवरचा संगणक बरोबर न्यावा आणि दुकानातच पारख करावी. विंडोजमध्ये खेळनियंत्रक तपासण्याचा पट असतो. गेमपॅड जोडताच त्यावर तो एक्सबॉक्स ३६० चा नियंत्रक म्हणून उमटल्यास एक्सइनपुटची खात्री पटते. दांडी प्रत्येक दिशेस कलवून अलगद नव्हे, तर झटकन सोडावी आणि खूण दर वेळी जवळपास त्याच जागी परत येते का ते पाहावे. दांडी कडेने फिरविताना खूण टोकापर्यंत पोहोचली पाहिजे. चाप अर्धा दाबून धरावा. खूण अर्ध्यावर न थांबता एकदम पूर्ण होत असेल, तर तो चाप म्हणजे केवळ बटण होय. शेवटी दिशाबटणाच्या एका बाजूवर अंगठा दाबून किंचित डोलवावा. बाजूच्या दिशा आपोआप लागत असतील, तर तो गेमपॅड द्वंद्वखेळास निरुपयोगी समजावा. नामांकित नियंत्रकांच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात असतात, त्या बाह्य रूपावरून ओळखणे कठीण असते; या कसोट्यांत त्या बहुधा उघड्या पडतात.

ड्रिफ्ट झालेली दांडी बदलता येते. नेहमीच्या घटकाचा डाख सामान्यतः १४ ठिकाणी सोडवावा लागतो आणि मंडलावरील तांब्याच्या बारीक पट्ट्या उष्णतेने उखडण्याचा धोका असतो, म्हणून हे काम सरावलेल्या कारागिराकडून करून घ्यावे. त्याच जागी बसणारे चुंबकीय घटकही मिळतात. ते बसविल्यावर मध्याची नोंद नव्याने करावी लागते.

अपंग व्यक्तींसाठी रूपांतर : दोन सशक्त हात, दहा बोटे आणि स्थिर बैठक एवढे सर्व गेमपॅड गृहीत धरतो. यांतील एखादी गोष्ट नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जुळवून घेण्याचा अर्थ आवडीनिवडीपुरता राहत नाही; खेळता येणे वा न येणे त्यावर ठरते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये काढलेल्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरवर दोन मोठी बटणे आणि ३·५ मिलिमीटरच्या १९ खोबणी आहेत. प्रत्येक खोबण एकेका बटणाची किंवा चापाची जागा घेते व तीत पायाने, कोपराने, हनुवटीने चालणारा कोणताही खटका जोडता येतो. सोनीने या प्रकारचा नियंत्रक डिसेंबर २०२३ मध्ये आणला.

ही खोबण कानातील ध्वनिग्राहकाच्या नेहमीच्या खुंटीएवढीच असून खटक्याचे काम दोन तारा एकमेकींस जोडणे इतकेच असते. त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानातील एक मोठे बटण, हातभर तार व एक खुंटी यांतून असा खटका घरी किंवा शाळेच्या कार्यशाळेत बनविता येतो. मूळ नियंत्रक न परवडल्यास पितळी दाते असलेल्या बटणांच्या तारा थेट घेणारे यूएसबी मंडल वापरतात, किंवा रास्पबेरी पाय पिको (२०२१) या छोट्या सूक्ष्मनियंत्रक मंडलावर जीपी२०४०-सीई ही मुक्त आज्ञावली बसवून संगणकास तो गेमपॅडच वाटेल अशी व्यवस्था करतात. बटणे कोठे ठेवावयाची, हे मग वापरणाऱ्याच्या शरीराकडे पाहून ठरते : लाकडी फळीवर, चाकांच्या खुर्चीच्या हातावर किंवा पायाखालच्या पाटावर. एकट्याने सर्व बटणे सांभाळणे अशक्य असेल, तर दोन नियंत्रकांची माहिती एकत्र करून खेळास एकच खेळाडू दाखविणारी सोयही एक्सबॉक्सवर २०१७ पासून आहे. तीत भाऊ किंवा बहीण धावण्याचे काम करते आणि फटका ज्याचा त्याने मारावयाचा असतो.

स्पर्धांतील मर्यादा : घरच्या खेळात चालणारे सर्वच बदल स्पर्धेत चालत नाहीत. एक बटण दाबून धरले असता ते आपोआप वारंवार दाबल्यासारखे दाखविणारी सोय आणि एका बटणात अनेक क्रिया भरणे, या गोष्टी बहुतेक स्पर्धांत निषिद्ध असतात. द्वंद्वखेळांत दांडीऐवजी केवळ बटणे असलेली साधने लोकप्रिय झाल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. दांडी एका वेळी डावीकडे व उजवीकडे कलू शकत नाही, पण दोन बटणे एकदम दाबता येतात. अशा वेळी कोणती दिशा मानावी यासंबंधी कॅपकॉमने आपल्या स्पर्धांसाठी २०२३ मध्ये नियम केले. त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्याने आपल्या साधनाची आज्ञावली या दोन दिशांचा निकाल कसा लावते, ते नावनोंदणीपूर्वी तपासून घ्यावे लागते.